'वीव्ह' म्हणजे नुसते विणणे नव्हे

'आईने स्वेटर विणला' याचे इंग्रजी करायला सांगितले की बरेच जण 'माय मदर वोव्ह अ स्वेटर' असे लिहून मोकळे होतात. भूतकाळाचे रूप अचूक असते, शब्दांचा क्रमही बरोबर असतो. पण इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती मागावर बसून धोटा फेकणारी आई. मागावर स्वेटर कसा निघेल, हे त्याला उमजत नाही. तिथे 'निट' हे क्रियापद हवे होते.

याचे मूळ आपल्या 'विणणे' या शब्दाच्या ऐसपैसपणात आहे. आपण कापड विणतो, स्वेटर विणतो, टोपली विणतो, खाट विणतो, क्रोशाचा रुमाल विणतो, आणि कोळीही जाळे विणतो. एकाच क्रियापदात हे सगळे मावते. इंग्रजीत मात्र हत्यार कोणते आणि धागा कसा फिरतो, यावर क्रियापद बदलते. शब्दकोशात 'वीव्ह : विणणे' एवढेच वाचून पुढे गेले की घोटाळा ठरलेला.

भाषांतराच्या कामात माझ्याकडे एकदा कपड्यांची एक लांबलचक यादी आली होती. काही कपड्यांपुढे 'वोव्हन' लिहिले होते, काहींपुढे 'निटेड'. मी दोन्हीकडे 'विणलेले' लिहिले. यादी वाचून पाहिली तेव्हा लक्षात आले की ज्या भेदासाठी ती केली होती तोच मी पुसून टाकला होता. त्यानंतर हे क्रियापद मी मुळापासून समजून घेतले. ज्या क्रमाने मला ते उमगले त्याच क्रमाने इथे मांडते आहे.

पहिली पायरी : शर्ट आणि टी-शर्ट समोर घ्या

व्याकरण थोडा वेळ बाजूला राहू द्या. एक साधा सुती शर्ट आणि एक साधा टी-शर्ट उजेडात धरा. भिंग असेल तर उत्तम.

शर्टाच्या कापडात दोन दिशांचे धागे दिसतील, उभे आणि आडवे, एकमेकांना काटकोनात छेदणारे. आडवा धागा एका उभ्या धाग्याच्या वरून जातो, पुढच्याच्या खालून, पुन्हा वरून. कापडाच्या कापलेल्या कडेचा एक धागा ओढला तर तो सरळ, सुटा, अखंड बाहेर येतो. आता टी-शर्ट पाहा. तिथे असे दोन दिशांचे धागे नाहीत. एकच धागा फास टाकत गेला आहे, फासातून फास काढलेला, आणि त्यांच्या बारीक व्ही आकाराच्या रांगा दिसतात. शर्टाचे कापड रुंदीत ओढा, ते फारसे हलणार नाही. टी-शर्ट ओढा, तो सहज ताणेल, कारण फासांना सैल-घट्ट व्हायला जागा असते. (ताणणारा लायक्रा धागा मिसळलेल्या जीन्सने मात्र फसू नका. तिथे धागा ताणतो, वीण नाही.)

शर्टाचे कापड 'वोव्हन' आहे. टी-शर्टचे, ज्याला आपण होजिअरीचे कापड म्हणतो ते, 'निटेड' आहे. इंग्रजीतल्या 'वीव्ह'चा गाभा एवढाच : काहीतरी लांब, लवचीक, दुसऱ्या कशाच्या तरी वरून-खालून, वरून-खालून नेणे. धागा असो, वेत असो, गवताची काडी असो किंवा कागदाची पट्टी असो. हे चित्र मनात पक्के बसले की पुढचे निम्मे काम झाले. पुढे प्रत्येक वाक्यापाशी एकच प्रश्न विचारायचा : इथे काही वरून-खालून जाते आहे का?

मागाशी संबंधित चार शब्द इथेच लक्षात ठेवा, कारण ते इंग्रजीत कापडाबाहेरही भेटतात. उभ्या धाग्यांना म्हणजे ताण्याला 'वॉर्प' म्हणतात, आडव्या धाग्याला म्हणजे बाण्याला 'वेफ्ट', मागाला 'लूम' आणि बाणा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याला 'शटल'. 'वेफ्ट' आणि 'वीव्ह' एकाच मुळाचे आहेत, बाणा हाच विणणारा धागा असल्याने ते शोभतेही. 'वॉर्प' हे क्रियापद म्हणून आले तर अर्थ होतो वाकडे होणे, पीळ पडणे : ओल लागून दाराची फळी 'वॉर्प' होते. 'शटल' इकडून तिकडे, तिकडून इकडे सतत जाते. दोनच ठिकाणांमध्ये फेऱ्या मारणाऱ्या बसला 'शटल' म्हणतात ते त्यामुळेच, आणि जाळीच्या दोन्ही बाजूंना टोलवल्या जाणाऱ्या फुलाला 'शटलकॉक'. शाळेच्या पुस्तकात वाचलेला जॉन के यांचा १७३३ चा धावता धोटा इंग्रजीत 'फ्लाइंग शटल' आहे. 'लूम' या शब्दाचा जुना अर्थ नुसता 'अवजार' असा होता. पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत आलेल्या वस्तूला 'एअरलूम' म्हणतात, त्यात तो जुना अर्थ अजून टिकून आहे, म्हणून आजीच्या दागिन्यालाही हा शब्द चालतो.

दुसरी पायरी : रूपे आणि उच्चार

रूपे थोडी आहेत. वर्तमानात 'वीव्ह', साध्या भूतकाळात 'वोव्ह', 'हॅव'बरोबर आणि कर्मणी प्रयोगात 'वोव्हन', चालू काळात 'वीव्हिंग'. 'वीव्ह्ड' असेही एक रूप आहे, पण ते कापडासाठी वापरू नका. त्याची जागा वेगळी आहे, ती रस्त्याच्या पायरीवर येईल. 'इंटरवीव्ह' म्हणजे एकमेकांत गुंतवणे. ते याच वाटेने 'इंटरवोव्ह', 'इंटरवोव्हन' असे चालते.

उच्चाराकडे मात्र नीट लक्ष द्यावे लागते. या एका शब्दात सुरुवातीला डब्ल्यू आहे आणि शेवटी व्ही, आणि आपण दोन्ही 'व'नेच लिहितो. इंग्रजीत ते दोन वेगळे आवाज आहेत. सुरुवातीचा 'व' काढताना ओठ शीळ घालतो तसे गोल करा, दात ओठाला लागू देऊ नका. मग लांब 'ई'. शेवटी वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवा आणि आवाज थरथरू द्या. आरशासमोर उभे राहून दहा-बारा वेळा म्हणा : ओठ गोल, ओठ फाकलेले, दात ओठावर. एकाच शब्दात दोन्ही सवयी लागतात, म्हणून उच्चाराच्या सरावाला इतका चांगला शब्द क्वचितच सापडतो.

'ई' लांबच ठेवा. 'वी हॅव'चे आखूड रूप 'वी'व्ह' ऐकायला अगदी असेच असते, त्यामुळे कानाला फरक कळणार नाही, संदर्भावरून ओळखावे लागते. खरा धोका 'वेव्ह'चा आहे. हात हलवणे, लाट, हे 'वेव्ह'. फी किंवा अट माफ करणे हेही उच्चाराने 'वेव्ह'च, फक्त स्पेलिंगमध्ये मध्ये आय येतो. 'ही वीव्ह्ड हिज हँड' असे कुणी म्हटले तर त्याने हात हलवला असे ऐकणाऱ्याला वाटणार नाही. हात कुठून तरी सापासारखा वळवत नेला, असे काहीसे विचित्र वाटेल.

तिसरी पायरी : शेजारची क्रियापदे ओळखा

इथे थोडा वेळ थांबायला हवे, कारण मराठी माणसाच्या बहुतेक चुका या पायरीवर होतात. प्रत्येक वेळी धागा काय करतो ते पाहा.

कापसाचा किंवा लोकरीचा पेळू ओढून, पीळ देऊन सूत काढणे म्हणजे कातणे, 'स्पिन'. विणण्याच्या आधीची ही क्रिया. गंमत अशी की कोळ्याच्या जाळ्यासाठी इंग्रजीत 'वीव्ह'पेक्षा 'स्पिन' जास्त सहज वाटते : 'द स्पायडर स्पन अ वेब.' कोळी स्वतःच्या शरीरातून धागा काढतो, ही गोष्ट इंग्रजीने महत्त्वाची धरली. आपण त्या धाग्याच्या जाळीकडे पाहिले आणि 'विणले' म्हटले.

दोन सुयांवर फास टाकत, ते एका सुईवरून दुसऱ्या सुईवर घेत केलेले विणकाम म्हणजे 'निट'. स्वेटर, मोजे, लोकरी टोपी या सगळ्याला हेच क्रियापद. एकाच आकडीच्या सुईने फासातून फास काढणे म्हणजे 'क्रोशे'. त्याचा शेवट टीने होत असला तरी तो टी उच्चारत नाहीत. तीन पेड एकमेकांवरून टाकून वेणी घालणे म्हणजे 'ब्रेड' किंवा 'प्लॅट'. पहिला शब्द अमेरिकेत जास्त, दुसरा ब्रिटनमध्ये. फुले दोऱ्यात ओवणे म्हणजे 'स्ट्रिंग' किंवा 'थ्रेड'. सुईत दोरा ओवण्यालाही 'थ्रेड अ नीडल' म्हणतात. शिवणे म्हणजे 'सो', टाका घालणे म्हणजे 'स्टिच'.

रफू करण्याचा प्रकार खास आहे. रफूगार भोकावर आधी उभे दोरे ताणतो, मग त्यांतून सुई वरून-खालून आडवी नेतो. म्हणजे तो तेवढ्याच जागेत एक छोटे कापडच विणतो. आपल्या कसोटीला हे पूर्ण उतरते. तरीही रोजच्या इंग्रजीत रफूला स्वतःचे क्रियापद आहे, 'डार्न'. म्हणजे कसोटीला 'नाही' असे उत्तर आले तर 'वीव्ह' नक्की चुकीचे, आणि 'हो' आले तर एकदा पाहून घ्यायचे की त्या कामाला खास शब्द आहे का.

टोपली, चटई, खुर्चीची वेताची बैठक, खाट, या सगळ्यांना 'वीव्ह' बिनधास्त वापरा. सुगरण पक्ष्यालाही. त्याच्या कुळाचे इंग्रजी नावच 'वीव्हर' आहे. गवताचे लांब तंतू चोचीने वरून-खालून घालून, गाठी मारून हा पक्षी घरटे करतो, म्हणजे नाव शब्दशः खरे आहे. मराठी नाव स्त्रीलिंगी असले तरी घरटे नर विणतो, त्यामुळे इंग्रजी वाक्यात पुल्लिंगी 'ही', म्हणजे आपला 'तो', लिहायचे.

मराठीत उलट आणताना संदर्भाने शब्द जोडा. 'वोव्हन' म्हणजे 'मागावर विणलेले'. 'निटेड' कपड्याच्या दुकानात 'होजिअरीचे' आणि लोकरीच्या बाबतीत 'सुयांवर विणलेले'. पिशव्यांवर किंवा मास्कवर 'नॉन-वोव्हन' असे छापलेले असते. त्याचा अर्थ ते कापड निटेड आहे असा नाही. तिथे धागाच नसतो. तंतू पसरून उष्णतेने, दाबाने किंवा चिकट द्रव्याने एकमेकांना जोडलेले असतात. 'न विणलेले' हे शब्दशः बरोबर आहे, पण वाचकाला काही सांगत नाही. 'तंतू दाबून केलेले कापड' असे म्हटले तर समजते.

चौथी पायरी : पुढे कोणते शब्दयोगी येते

'वीव्ह'ला सरळ कर्म चालते : 'शी वीव्ह्ज बास्केट्स', ती टोपल्या विणते. कर्माशिवायही चालते : 'शी वीव्ह्ज', म्हणजे ती विणकाम करते.

वस्तू कशाची ते सांगायचे तर 'फ्रॉम' किंवा 'आउट ऑफ'. 'धिस मॅट इज वोव्हन फ्रॉम ग्रास', ही चटई गवताची विणलेली आहे. मुख्य धाग्यात आणखी काही मिसळले असेल तर 'विथ' : 'सिल्क वोव्हन विथ गोल्ड थ्रेड', जरीचे धागे घालून विणलेले रेशीम. पहिल्यात सगळे कापड त्या एका गोष्टीचे असते, दुसऱ्यात ती गोष्ट भर म्हणून येते.

अवघड आहे ते 'इंटू', कारण ते दोन कामे करते. 'दे वोव्ह द ग्रास इंटू मॅट्स' यात गवताच्या चटया झाल्या, गवताचे रूपच पालटले. 'शी वोव्ह फ्लॉवर्स इंटू हर ब्रेड' यात फुले वेणीत माळली गेली, पण वेणी वेणीच राहिली आणि फुले फुलेच. वाचताना विचारायचे : 'इंटू'नंतरची वस्तू विणण्याआधी अस्तित्वात होती का? वेणी आधीपासून होती, चटई नव्हती. मराठीत पहिल्यासाठी '–च्या चटया विणल्या' आणि दुसऱ्यासाठी '–त गुंफली, माळली, घातली' असे वेगवेगळे प्रयोग करावे लागतात. दोन्हीकडे 'मध्ये विणले' लिहिले की मराठी वाक्य अवघडून जाते. दुसऱ्या प्रकारचा 'इंटू' लक्षात ठेवा. गोष्टींच्या आणि भाषणांच्या जगात तोच सगळीकडे भेटतो.

पाचवी पायरी : कथेकडे

इंग्रजीत गोष्ट विणतात : 'वीव्ह अ स्टोरी', 'वीव्ह अ टेल'. या प्रतिमेचे मूळ खोल आहे. लॅटिनमध्ये विणणे म्हणजे 'टेक्सेरे', आणि त्यातूनच इंग्रजीतला 'टेक्स्ट' आला, 'टेक्स्टाइल' आला, 'टेक्स्चर' आणि 'कॉन्टेक्स्ट'ही आले. युरोपच्या भाषांत मजकूर म्हणजे मुळातच एक कापड. आपल्याकडची प्रतिमा शेजारची आहे, पण तीच नाही. 'ग्रंथ' या शब्दामागे बांधणे, ओवणे, गुंफणे हा अर्थ आहे. सूत्र म्हणजे दोरा. आपण कथा गुंफतो, ओव्या गुंफतो, विचारांची माळ करतो. एकीकडे माग, दुसरीकडे माळ. त्यामुळे 'द नॉव्हेलिस्ट वीव्ह्ज थ्री लाइव्ह्ज टुगेदर' याचे मराठी 'कादंबरीकार तीन आयुष्ये एकत्र विणते' असे करण्यापेक्षा 'तीन आयुष्यांची कथा एकमेकांत गुंफते' असे केले तर मराठी कानाला ते घरचे वाटते. विणणे इथे चूक नाही. पण 'गुंफणे' हाताशी असताना ते मला परके वाटते.

'वीव्ह अ टेल' आणि 'स्पिन अ यार्न' यांत फरक करा. पहिल्यात कौशल्य आहे, अनेक धागे सांभाळलेले आहेत. दुसऱ्यात लांबण आहे, आणि बहुतेक वेळा तिखटमीठही लावलेले असते. म्हणजे काहीसे 'रंगवून सांगणे'. 'वीव्ह अ वेब ऑफ लाइज' म्हणजे खोट्याचे जाळे विणणे. इथे मराठी आणि इंग्रजी अगदी बरोबरीने चालतात. 'वीव्ह अ स्पेल' किंवा 'वीव्ह मॅजिक' म्हणजे मोहिनी घालणे, जादू करणे. गायक, वक्ता, नाटक यांच्याबद्दल हे नेहमी येते, आणि मराठीत विणण्याचा उल्लेखही नको. 'वीव्ह ह्यूमर इंटू द स्पीच' म्हणजे भाषणात विनोद पेरणे. बघा, आपण इथे शेतात गेलो, पण अर्थ बरोबर पोचतो.

'वोव्हन इंटू द फॅब्रिक ऑफ' हा प्रयोग निबंधांत आणि अग्रलेखांत फार आढळतो : अमुक गोष्ट समाजाच्या पोतातच विणलेली आहे, म्हणजे वेगळी काढता येणार नाही. मराठीत 'हाडीमाशी खिळलेले', 'रोमरोमात भिनलेले', 'अंगवळणी पडलेले' यांतले जे प्रसंगाला शोभेल ते घ्यावे.

आणखी एक बारकावा. आपला 'वीण' हा नामशब्द सुंदर आहे : कापडाची वीण, नात्यांची वीण, समाजाची वीण उसवली. कापडाच्या विणीला इंग्रजीत 'वीव्ह'च नाम म्हणून चालते : 'द वीव्ह इज टू लूज', वीण फार सैल आहे. पण समाजाची वीण म्हणताना तिथे 'फॅब्रिक' लागते : 'द सोशल फॅब्रिक'. 'द सोशल वीव्ह' असे लिहिले तर समजेल कदाचित, पण खटकेल. मराठीतून इंग्रजीत लिहिणाऱ्यांचे हे ठरलेले अडखळण्याचे ठिकाण आहे.

सहावी पायरी : रस्त्याकडे

दुचाकीस्वार गाड्यांच्या मधून वाट काढत, कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळत जातो. इंग्रजीत : 'द बाइक वीव्ह्ड थ्रू द ट्रॅफिक.' धोटा ताण्याच्या धाग्यांमधून जातो तशी बाइक गाड्यांमधून गेली, असेच चित्र उभे राहते. पण भाषेचा इतिहास वेगळे सांगतो. कापडाचे 'वीव्ह' जुन्या इंग्रजीतल्या 'वेफान'पासून आले. जर्मनमधले 'वेबेन' त्याचेच भावंड. संस्कृतात कोळ्याला 'ऊर्णवाभि' असाही शब्द आहे, आणि त्यातल्या 'वाभि'चे नातेही याच प्राचीन धातूशी जोडतात. वळत जाण्याचे 'वीव्ह' मात्र उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतल्या, हलवणे-झुलवणे अशा अर्थाच्या शब्दातून आले असे मानतात. म्हणून अनेक शब्दकोशांत ही दोन वेगळी क्रियापदे म्हणून नोंदवलेली दिसतात.

दुसऱ्या पायरीवर राखून ठेवलेल्या 'वीव्ह्ड'चे कारण हेच. कापडाच्या अर्थी 'वोव्ह', वळत जाण्याच्या अर्थी 'वीव्ह्ड'. चांगल्या लेखनात गर्दीतून जाण्यासाठीही 'वोव्ह' आढळते, विशेषतः 'वोव्ह हर वे थ्रू द क्राउड' अशा रचनेत, तेव्हा ती चूक समजू नका. पण तुम्ही लिहिताना हा भेद पाळलात तर कधी अडचण येणार नाही.

हालचालीच्या 'वीव्ह'बरोबर येणारे शब्द : 'थ्रू', 'बिट्वीन', 'अमंग', 'इन अँड आउट ऑफ'. म्हणजे आजूबाजूला काहीतरी असावे लागते. रिकाम्या मैदानात कुणी 'वीव्ह' करत निघाले तर ऐकणाऱ्याला वाटेल की तो झोकांड्या खातो आहे, आणि दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याबद्दल हे क्रियापद त्याच अर्थाने वापरतातही. एकदाच झटकन बाजूला वळून काही चुकवले तर 'स्वर्व्ह'. टोकदार कोन करत जाणे म्हणजे 'झिगझॅग'. डोंगरातल्या वळणाच्या रस्त्याला आणि नदीला 'वाइंड' जास्त शोभते, त्याचा उच्चार 'माइंड'सारखा.

बॉक्सिंगमध्ये 'बॉब अँड वीव्ह' असते : ठोसा चुकवण्यासाठी डोके खाली नेणे आणि धड बाजूला झुलवणे. तबेल्यात बांधून ठेवलेला घोडा डोके आणि मान सतत डावीकडे-उजवीकडे झुलवत राहतो, त्या सवयीलाही 'वीव्हिंग' म्हणतात. आणि ब्रिटिश बोलीत, थोडे जुन्या वळणाचे, 'गेट वीव्हिंग!' म्हणजे चला, लागा कामाला. हे ऐकले तर मागाकडे धावू नका.

सातवी पायरी : हातांनी करून पाहा

दोन रंगांचे कागद घ्या. एकाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा, पण वरची कड न कापता सोडा, म्हणजे त्या एकत्र राहतील. हा ताणा. दुसऱ्या रंगाच्या सुट्या पट्ट्या हा बाणा. आता पट्टी नेताना मोठ्याने म्हणा : 'ओव्हर, अंडर, ओव्हर, अंडर.' पुढच्या ओळीत उलट सुरुवात करा : 'अंडर, ओव्हर.' बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन दिसतील. हे 'प्लेन वीव्ह', शर्टाचे बरेचसे कापड असेच असते.

मग दोनवरून, दोनखालून न्या, आणि प्रत्येक नव्या ओळीत एका पट्टीने सरका. तिरप्या रेषा उमटू लागतील. हे 'ट्विल वीव्ह'. जीन्सच्या कापडावर दिसणाऱ्या तिरप्या रेघा याच घराण्यातल्या. तिसऱ्यांदा चारवरून जा आणि एकाखालून, आणि ओळीगणिक ती खालून जाण्याची जागा दोन पट्ट्यांनी पुढे सरकवा. आता वर एकाच रंगाचे लांब तुकडे दिसतात. धाग्याच्या बाबतीत हेच लांब मोकळे तुकडे उजेड परावर्तित करतात, आणि म्हणून 'सॅटिन वीव्ह' चमकते. केसांच्या संदर्भात कुणी 'अ वीव्ह' म्हणाले तर ते कापड नव्हे. स्वतःच्या केसांना जोडलेले वरचे केस असा तिथे अर्थ आहे.

पट्ट्या फिरवता फिरवता वाक्ये म्हणा : 'आय ॲम वीव्हिंग अ मॅट', 'आय हॅव वोव्हन फोर रोज', 'येस्टरडे आय वोव्ह अ स्मॉल वन'. हात आणि जीभ बरोबर चालली की रूपे पाठ करावी लागत नाहीत.

आठवी पायरी : भाषांतर करून तपासा

खालची वाक्ये आधी स्वतः इंग्रजीत करा, मग पुढचे उत्तर पाहा.

विणकराने रेशमी कापड विणले. 'द वीव्हर वोव्ह सिल्क क्लॉथ.'

तिने बाळासाठी सुयांवर टोपी विणली. 'शी निटेड अ कॅप फॉर द बेबी.' 'निट' हेच रूप भूतकाळातही चालते, 'शी निट अ कॅप' असेही दिसेल.

मांजर खुर्च्यांच्या पायांमधून वळत वळत गेले. 'द कॅट वीव्ह्ड बिट्वीन द चेअर लेग्ज.'

तिने हात हलवून निरोप घेतला. 'शी वेव्ह्ड गुडबाय.' इथे 'वीव्ह' आले असेल तर दुसऱ्या पायरीवर परत जा.

लेखिकेने दोन घरांच्या गोष्टी एकमेकींत गुंफल्या आहेत. 'द रायटर हॅज वोव्हन टुगेदर द स्टोरीज ऑफ टू फॅमिलीज.'

त्याने मोज्याचे भोक रफू केले. 'ही डार्न्ड द होल इन हिज सॉक.'

शेवटचे वाक्य इंग्रजीतून मराठीत करायचे आहे. लोकरीच्या विणकामाच्या इंग्रजी कृती वाचल्यात तर अनेकदा अगदी शेवटी एक ओळ येते : 'वीव्ह इन द एंड्स.' इतका वेळ 'निट' म्हणणारी कृती अचानक 'वीव्ह' का म्हणते? स्वेटर पूर्ण झाल्यावर लोकरीची टोके लोंबत राहतात. ती मोठ्या सुईत ओवून, मागच्या बाजूने टाक्यांच्या वरून-खालून, वरून-खालून घालून लपवतात. मराठीत म्हणू : 'सुटी टोके आतून विणीत घाला.' पहिल्या वाक्यातली आई सगळा स्वेटर 'निट' करते. टोके लपवायला बसली की त्या पाच-दहा मिनिटांत ती खरोखर 'वीव्ह' करत असते.